नेट टच झाला की नाही?

यंदाच्या एप्रिल महिन्यात जयंतीनिमित्त आमच्या वस्तीतल्या मैदानावर व्हॉलीबॉलच्या स्पर्धा झाल्या. दरवर्षीच होतात. आठ संघ, दोन दिवस, बक्षीस म्हणून एक ढाल आणि वर्गणीतून जे उरेल ते. मला बॉल मारता येत नाही, ज्या वयात यायला पाहिजे होता त्या वयातही फारसा येत नव्हता. पण वही, पेन आणि शिट्टी माझ्या हाती देण्याची वस्तीची जुनी सवय आहे. ज्याला कचेरीत लिहिता येते त्याला पंचगिरीही येत असणार, असा आपल्या लोकांचा समज असतो. त्यामुळे मी दुसरा पंच म्हणून खांबाजवळ उभा होतो.

उपांत्य सामन्याचा शेवटचा सेट. चौदा-तेरा. पुढच्या फळीतल्या एका खेळाडूने उंच उडी घेऊन असा स्मॅश मारला की पलीकडच्या सहा जणांपैकी कोणाचा हातही हलला नाही. लोक उठून उभे राहिले, ताशा वाजू लागला. आणि मी शिट्टी मारली. खाली येताना त्या खेळाडूचा कोपर जाळीला मधोमध लागला होता. मी त्याच्या बाजूच्या जाळीवर हात ठेवून दाखवला. नेट टच.

पुढची दहा मिनिटे खेळ बंद आणि वाद चालू. तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा खेळाडू माझ्यासमोर येऊन म्हणाला, "काका, वरच्या पांढऱ्या पट्टीले लागला काय? नाही ना? मग कायचा टच?" त्याचे म्हणणे संपत नाही तोच मागून एक खणखणीत आवाज आला, "अबे, जाळी हलली का टच! बनियनचं टोक लागलं तरी टच! आम्ही खेळत होतो तवा असाच होता कायदा." हा आवाज कोणाचा, तर त्या खेळाडूच्या वडिलांचा. सत्तर-ऐंशीच्या दशकात आमच्या गावात नाव असलेले खेळाडू, आता निवृत्त. पोराच्या विरोधात बाप बोलतो आहे हे पाहून लोकांना हसू आवरेना, आणि पोराचा चेहरा पडला तो पडलाच. तेवढ्यात शाळेच्या संघात खेळणारा एक नववीतला मुलगा हळूच म्हणाला, "आमचे सर सांगतात, बॉल खेळताना लागला तर टच. उगाच उभा असताना लागला तर नाही."

वाचक बंधू-भगिनींनो, या तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते, हे मला त्या रात्री जुनी-नवी नियमपुस्तके काढून बसल्यावर कळले. तिघेही आपापल्या काळाचा नियम सांगत होते. आमच्या कारकुनी कामात असे नेहमी घडते. एक परिपत्रक निघते, चार वर्षांनी ते रद्द करून दुसरे निघते, पुढे दुसरेही रद्द होते. पण टेबलावर बसलेला माणूस ज्या साली नोकरीला लागला त्या सालचेच परिपत्रक तोंडपाठ म्हणत राहतो. मैदानावरही तेच.

वडिलांच्या तरुणपणी नियम सरळ होता. खेळाडूने जाळीला हात लावला की चूक. पुढे त्यात सूट मिळाली, की ज्याचा बॉल खेळण्याशी संबंध नाही अशा खेळाडूचा सहज धक्का लागला तर चूक धरू नये. मग २००९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने मोठा बदल केला. खेळ वारंवार थांबू नये म्हणून जाळीचा स्पर्श ही मुळात चूकच नाही असे ठरले. चूक कधी, तर बॉल खेळताना वरच्या पांढऱ्या पट्टीला किंवा अँटेनाच्या वरच्या ८० सेंटीमीटरला लागले तर, जाळीचा आधार घेतला तर, किंवा समोरच्याच्या खेळात अडथळा आणला तर. आपला स्मॅश मारणारा पोरगा नेमक्या याच काळात शाळेत व्हॉलीबॉल शिकला. पांढरी पट्टी त्याच्या डोक्यात बसली ती तिथेच. पण २०१५ पासून नियम पुन्हा कडक झाला. दोन अँटेनांच्या मधल्या जाळीला, वर असो, मध्ये असो की खाली, बॉल खेळण्याच्या क्रियेत स्पर्श झाला की चूक. आज चालतो तो हा नियम, आणि नववीतल्या मुलाच्या सरांनी त्याला बरोबर शिकवले आहे.

आता 'बॉल खेळण्याची क्रिया' म्हणजे काय, यावरच सगळे अडते. पुष्कळांना वाटते की हात बॉलला लागला तो क्षण म्हणजे क्रिया, पुढचे माफ. तसे नाही. उडी घेण्यापासून क्रिया सुरू होते. फटका किंवा फटक्याचा नुसता प्रयत्न तिच्यात येतो. आणि खाली उतरून दोन्ही पाय स्थिर होऊन पुढच्या हालचालीला तयार होईपर्यंत ती संपत नाही. म्हणून बॉल पलीकडे पडल्यानंतर तोल जाऊन जाळीला लागलेला कोपरही चूकच. एवढेच नव्हे, बॉल आपल्याकडे येत असताना जवळ उभा राहून तो खेळायच्या प्रयत्नात असलेला माणूस, त्याचा हात बॉलला लागो न लागो, क्रियेतच धरला जातो. स्मॅश मारल्याचा बहाणा करून उडी घेणाऱ्याने आणि ब्लॉकला उठून रिकाम्या हाताने परतणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

उलट काही ठिकाणी आपण उगाच शिट्टी मारतो. समोरच्याने इतका जोराचा बॉल जाळीत मारला की जाळीच फुगून ब्लॉकरच्या छातीला लागली, तर ब्लॉकरची चूक नाही. अँटेनाच्या बाहेर उरलेली जाळी, तिथली दोरी, खांब यांना हात लागला आणि खेळात अडथळा आला नाही, तर चूक नाही. मात्र त्यांना धरून बॉल मारायला आधार घेतला तर ते चालत नाही. आणि केसांचे सांगतो, कारण आमच्याकडे मुलींच्या सामन्यात यावरून खूप आरडाओरडा झाला होता. एका मुलीची वेणी उडी मारताना जाळीला घासली आणि पलीकडच्या संघाच्या पाठीराख्या पोट्ट्यांनी "टच, टच" म्हणून मैदान डोक्यावर घेतले. वेणी घासली म्हणून गुण जात नाही. वेणी जाळीत अडकून खेळच थांबला किंवा समोरच्याला तिच्यामुळे बॉल खेळता आला नाही, तरच ती चूक. त्या दिवशी मला हे माहीत नव्हते. मी आवाजाला घाबरून गुण काढून घेतला, आणि ती मुलगी एक शब्द न बोलता मागे जाऊन उभी राहिली. तिची आज इथे जाहीर माफी मागतो.

जाळीचा हा कडकपणा आला कुठून, हे शोधताना एक मौजेची गोष्ट सापडली. आम्ही बल्लारपूरचे लोक कागद गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावत मोठे झालो. १९४५ साली इथल्या कागद कंपनीची स्थापना झाली, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू ट्रक भरभरून इकडे येऊ लागला, आणि आमच्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. तर व्हॉलीबॉल हा खेळ जन्मला तोही एका कागद गिरण्यांच्या गावात! अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले होलिओक हे गाव. तिथे कागदाच्या इतक्या गिरण्या होत्या की त्याला 'कागदाचे शहर' असेच म्हणत. तिथल्या वायएमसीएमध्ये व्यायाम शिकवणाऱ्या विल्यम मॉर्गन या तरुण शिक्षकाने १८९५ साली हा खेळ काढला. जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये चार वर्षांपूर्वी बास्केटबॉल निघाला होता, पण त्यात धक्काबुक्की फार; मॉर्गनच्या वर्गातल्या वयस्क माणसांना ती झेपेना. मग त्याने टेनिसची जाळी घेतली, ती जमिनीपासून साडेसहा फुटांवर बांधली आणि दोन्ही संघांना दोन बाजूंना उभे केले. कोणी कोणाच्या अंगावर जायचे नाही, इकडचा माणूस इकडे आणि तिकडचा तिकडे. १८९७ साली छापलेल्या नियमांतच लिहिले आहे की खेळाडूने जाळीला स्पर्श केला तर ती त्याच्या संघाची चूक. म्हणजे जाळीला हात न लावणे ही नंतर कोणी घुसडलेली अट नव्हे, ज्या कारणासाठी खेळ निघाला तेच कारण आहे. भारतात हा खेळ वायएमसीएमार्फतच आला. १९२० साली मद्रासला त्यांचे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू झाले, तिथे शिकलेल्या शिक्षकांनी तो ठिकठिकाणी नेला. बॉल एक, जाळी एक आणि बारा जण खेळतात, यापेक्षा स्वस्त खेळ गरिबाला दुसरा कोणता मिळणार?

पण आपली जाळी पाहा. दोन बांबू गाडायचे, त्यांना मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा किंवा दोन वर्षांपूर्वीची फाटकी नेट सुतळीने बांधायची, आणि बांबू वाकू नयेत म्हणून दोन्हीकडे खुंट्या मारून ताण द्यायचा. स्पर्धा संपल्यावर मी टेप लावून मोजले. खांबाजवळ २ मीटर ४० सेंटीमीटर आणि मधोमध २ मीटर २८! पुरुषांसाठी जाळीची उंची मैदानाच्या मध्यावर २ मीटर ४३ सेंटीमीटर पाहिजे, महिलांसाठी २ मीटर २४. दोन्ही बाजूंच्या रेषांवर ती सारखीच असली पाहिजे, आणि मधल्या उंचीपेक्षा २ सेंटीमीटरहून जास्त नको. आमची जाळी पुरुषांच्या मानाने बुटकी आणि महिलांच्या मानाने उंच, म्हणजे कोणाच्याच कामाची नाही.

सैल जाळीचे दोन परिणाम होतात. एक तर ती वाऱ्याने आणि बॉलने इतकी हलते की खेळाडू तिला लागला की ती खेळाडूला लागली, हे पंचाला सांगता येत नाही. दुसरा परिणाम जास्त वाईट. अशा बुटक्या, ढिल्या जाळीवर खेळून आपल्या मुलांना तिच्यावर रेलायची सवय लागते. इथे कोणी बोलत नाही. मग हाच मुलगा शाळेकडून तालुक्याला जिंकतो, जिल्ह्याला जिंकतो आणि विभागीय स्पर्धेत ताणून बांधलेल्या जाळीसमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक तिसऱ्या उडीला शिट्टी वाजते. त्याला वाटते पंच आपल्याविरुद्ध आहे. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून येणाऱ्या मुलांचेही असेच होते. उडी अशी की पाहत राहावे, पण आयुष्यात जाळी पाहिली ती दोन झाडांना बांधलेली. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी वरच्या पातळीवरच्या स्पर्धेतले यश आणि त्याचे पडताळलेले प्रमाणपत्र लागते. आपल्या घरातल्या मुलाला तो रस्ता उघडा असताना, सुतळी नीट ताणली नाही म्हणून तो विभागातून परत येत असेल, तर त्याचा दोष मुलाकडे थोडा आणि आपल्याकडे जास्त.

खांबांबद्दलही सांगून टाकतो. नियमाप्रमाणे खांब बाजूच्या रेषेच्या बाहेर अर्धा ते एक मीटरवर पाहिजेत, २ मीटर ५५ सेंटीमीटर उंच, गुळगुळीत, आणि त्यांना ताणाच्या तारा अजिबात नकोत. आपल्या खुंट्या आणि दोऱ्या म्हणजे धावत्या पोराला पाडायचा सापळाच. बांबू जाड घ्या आणि खड्डा खोल करा, ताणाची गरज राहणार नाही. बांबूच्या गावात राहून हे मी सांगावे लागते याची थोडी लाज वाटते.

आता जाळीवरून पलीकडे हात नेण्याबद्दल. इथे लोकांचा गोंधळ टचपेक्षाही मोठा आहे, कारण हात पलीकडे गेला म्हणजे चूक असे आपण धरून चालतो. जाळीच्या वर आकाशापर्यंत एक काचेची भिंत उभी आहे असे समजा. स्मॅश मारणाऱ्याने बॉलला हात लावायचा तो आपल्या बाजूला असताना. फटका बसल्यानंतर झोकात हात भिंतीपलीकडे गेला तरी चालतो. ब्लॉक करणाऱ्याला त्याहून जास्त मोकळीक आहे. त्याने दोन्ही हात आधीच पलीकडे नेऊन ठेवले तरी चालतात, मात्र समोरच्याच्या खेळात अडथळा न आणता, आणि समोरचा फटका मारत नाही तोवर पलीकडच्या बॉलला स्पर्श न करता. समोरच्याने फटका मारला, मग पलीकडे जाऊन अडवा, हरकत नाही. आपल्याकडचा नेहमीचा वाद असा, की सेटरने जाळीलगत बॉल वर उचलला आहे, स्मॅश मारणारा उडी घेतो आहे, आणि ब्लॉकर वरून हात घालून बॉल त्याच्या तोंडचा घास काढल्यासारखा खाली दाबतो. टाळ्या पडतात. ती चूक आहे. पंचाने हात जाळीच्या वर, तळवा खाली करून दाखवायचा. आणि बॉल नेमका जाळीच्या वर, भिंतीतच असेल तर? मग तो दोघांचा, ज्याचा हात आधी पोचेल त्याने खेळावा.

ही मोकळीक पहिल्यापासून नव्हती. १९६४ साली टोकियोत व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळला गेला, त्याच सुमारास ब्लॉकरला जाळीपलीकडे हात न्यायची परवानगी मिळाली. ब्लॉकचा स्पर्श तीन स्पर्शांत मोजायचा नाही हे १९७६ चे. सर्व्हिस ब्लॉक करायला बंदी आली ती १९८४ नंतर. आमच्या त्या निवृत्त खेळाडूंना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे भाऊ, आम्ही सर्व्हिसले ब्लॉक करत होतो ते खोटं नव्हतं ना?" खोटे नव्हते. आज केले तर मात्र गुण जाईल.

राहिला जाळीखालचा पाय. यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचे आहे.

मैदानाच्या मध्ये जाळीखाली एक रेघ असते. आपण मातीच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने चारही बाजूंच्या रेघा मारतो, तशी ही पण मारतो. पण स्मॅश आणि ब्लॉक दोन्ही याच रेघेवर उतरतात, म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांत सगळ्यांत आधी पुसली जाते ती हीच. बाजूची रेघ पुसली की बॉल आत पडला की बाहेर यावरून भांडण होते, म्हणून ती आपण लगेच पुन्हा मारतो. मधली रेघ पुसली तर कोणी विचारत नाही.

नियम असा आहे. पाय पलीकडे गेला तरी चालतो, पण त्याचा काही भाग रेघेवर किंवा रेघेच्या सरळ वर राहिला पाहिजे. पूर्ण पाऊल पलीकडे टेकले की चूक. २००९ पूर्वी गुडघा किंवा कोपर पलीकडे टेकला तरी चूक धरत. आता शरीराचा पायांवरचा भाग पलीकडे गेला आणि समोरच्याला अडथळा झाला नाही तर चालते. पावलाला मात्र सूट नाही.

पावलालाच का नाही, ते आमच्या वस्तीने पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका सामन्यात ठेकेदाराकडे माल चढवायचे काम करणारा एक तरुण ब्लॉकला उठला होता. समोरचा स्मॅश मारणारा धावत येऊन पुढच्या पुढे उडाला आणि अख्खे पाऊल रेघेपलीकडे टेकवून उतरला. त्याच्या पावलावर हा वरून आला. घोटा आतल्या बाजूला वळला, आवाज बाहेर बसलेल्यांनाही ऐकू आला. सहा आठवडे प्लास्टर. रोजंदारीचा माणूस, काम नाही तर पैसे नाहीत. त्या सहा आठवड्यांत घरात आईची धुण्याभांड्याची कमाई तेवढी येत होती. पाऊल पलीकडे टाकणारा आमचाच, चांगल्या घरचा, त्याने मुद्दाम केले नव्हते. मी पंच होतो. रेघ पुसलेली होती, मला चूक दिसलीच नाही, आणि गुण मी त्यालाच दिला होता.

व्हॉलीबॉलमध्ये अचानक होणाऱ्या दुखापतींत घोटा मुरगळण्याचा क्रमांक पहिला, आणि तो मुरगळतो तो बहुतेक वेळा असाच, जाळीखाली, दुसऱ्याच्या पावलावर उतरून. नॉर्वे देशातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात यावर काम केले. खेळाडूंना त्यांनी धोका समजावून सांगितला, उडी कशी घ्यावी आणि उतरावे कसे हे शिकवले, आणि तोल सांभाळायचा व्यायाम करून घेतला. घोट्याच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. यात महागाचे काय आहे? स्मॅशला धावताना शेवटचे पाऊल लांब टाकून जोर थांबवायचा, मग उडी सरळ वर जाते, पुढे जात नाही. ज्या जागी उठलो त्याच जागी उतरायचे. ब्लॉकला दोघे जण सोबत उठत असतील तर एकमेकांच्या पायावर येणार नाही असे अंतर धरायचे. आणि ज्याचा घोटा एकदा मुरगळला आहे त्याने एका पायावर उभे राहून तोल धरायचा सराव रोज पाच-दहा मिनिटे करायचा, बरे वाटले म्हणून सोडायचा नाही. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो.

हे लक्षात आले म्हणजे जाळीचा टचही निराळा दिसू लागतो. जो जाळीवर रेलतो त्याचाच पाय पलीकडे जातो. ज्याची उडी सरळ आहे त्याचा कोपर जाळीला लागत नाही आणि पाऊलही कोणाच्या खाली येत नाही. मधोमध लागलेल्या कोपरासाठी मी चौदा-तेरावर गुण काढून घेतला तेव्हा त्या खेळाडूला वाटले, काकांनी एवढ्याशा गोष्टीसाठी सामना घालवला. त्याचे पाऊल कुठे पडले ते मी त्याला दाखवले. रेघेच्या चार बोटे पलीकडे टाच, आणि समोरचा ब्लॉकर वीतभर बाजूला उतरला म्हणून बचावला. जाळीचा टच नसता तरी त्या पावलासाठी शिट्टी वाजवावीच लागली असती.

दुसरा पंच कशासाठी असतो, तर याचसाठी. पहिला पंच उंचावर, त्याची नजर जाळीच्या वर. जाळीखालचे त्याला दिसत नाही. खाली खांबाजवळ उभा असलेल्याने बॉलकडे पाहायचेच नाही. मोह होतो, मला माहीत आहे, सगळे मैदान बॉलकडे पाहत असते. त्याने ब्लॉक करणाऱ्या संघाच्या बाजूला सरकून जाळी आणि रेघ पाहायची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून तर संघाने दाद मागितली की कॅमेऱ्यातून जाळीचा स्पर्श पुन्हा पाहतात. आपल्याकडे कॅमेरा कुठला? आपल्याकडे ज्याचा कोपर लागला त्यालाच तो लागल्याचे कळते. २०२३ पासून व्हॉलीबॉल नेशन्स लीग या मोठ्या स्पर्धेत, आपली चूक स्वतःहून कबूल करणाऱ्या खेळाडूला पंच हिरवे कार्ड दाखवतो, शाबासकी म्हणून. मी आमच्या पोरांना हे सांगितले. एक जण म्हणाला, "काका, हिरवं कार्ड भेटल, पण पोट्टे मारतीन ना मले." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण मे महिन्यात रोजच्या संध्याकाळच्या खेळात दोन वेळा हात वर झालेला पाहिला, आणि मारले कोणी नाही.

बापलेकाचे म्हणाल तर त्यांनी त्या रात्री एकमेकांशी बोलणे केले नाही असे कळले. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही काळांचे नियम एका कागदावर लिहून त्यांच्या घरी नेले. दोघांनी आलटून पालटून वाचले. वडील म्हणाले, "मी पण बरोबर होतो तर." मुलगा म्हणाला, "मी पण." मी म्हटले, "दोघंही बरोबर, पण साल चुकलं." मग चहा आला.

प्लास्टर घातलेल्या त्या तरुणाचा धाकटा भाऊ आता अकरावीत आहे. त्याचा हात चांगला आहे, पण आई त्याला मैदानावर पाठवत नाही. "खेळून पोट भरते काय जी? एकाचं पाहिलं ना मी," असे तिने मला तोंडावर सांगितले, आणि ती चुकीचे बोलली असे मी म्हणू शकत नाही. मी तिला एवढेच कबूल केले की दर सेटनंतर मधली रेघ पुन्हा मारली जाईल आणि खांबाजवळ मी उभा राहीन. ती म्हणाली, आधी दाखवा.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही नवे बांबू गाडणार आहोत. टेप माझ्याकडे आहे. चुन्याची फक्की मागच्या वेळी कमी पडली होती, ज्याच्या घरी रंगकामातली उरली असेल त्याने घेऊन यावे.